आधी घड्याळ लाव, मग खरेदीचं बघू

वाचकाचं पत्र

ताई, मी कराडजवळच्या एका गावातून लिहितोय. दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत अँड्रॉइड डेव्हलपर म्हणून लागलो, काम घरूनच करतो. लॅपटॉप माझाच आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेला. ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी अँड्रॉइड स्टुडिओ (ज्यात अॅप लिहितो तो प्रोग्राम) उघडायला सहा-सात मिनिटं लागतात, मग ग्रेडल सिंकला (ग्रेडल म्हणजे लायब्ररी जमवून अॅप बांधणारं साधन) आणखी पाच-सहा. व्हीएस कोड या एडिटरला दीड मिनिट. साधं गिट बॅश, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायलाही १५ सेकंद जातात. दोनदा फॉरमॅट मारलं, आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. नेटवर वाचून रोज ‘इनव्हॅलिडेट कॅशेस’ (स्टुडिओने साठवलेली माहिती पुसणं) करतो, स्टुडिओची मेमरी वाढवून ४ जीबी केली. साडेनऊच्या स्टँडअप मीटिंगला बाकीचे काय काय केलं ते सांगतात आणि मी ‘अजून उघडतंय’ म्हणतो. टीम लीड म्हणतात, नवा लॅपटॉप घे. हप्त्यावर मिळेल, पण घरी आधीच ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत. आता मलाच वाटायला लागलंय की मी या कामाला कमी पडतोय. काय करू?

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात जड गेलं, म्हणून आधी त्याचं बोलते. रोज सकाळी १२-१३ मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं, त्यात मध्येच लाईट गेली आणि बॅटरीने मान टाकली की पुन्हा पहिल्यापासून. चार लोकांसमोर ‘उघडतंय’ म्हणायचं. असं वर्ष-दीड वर्ष चाललं तर कुणाचंही मन खचेल. पण मशीन अडून बसतंय याचा तुझ्या कुवतीशी काडीचाही संबंध नाही. आणि तू तर मला आकडे पाठवलेस! माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत ‘खूप स्लो आहे’ एवढंच असतं. कोणत्या गोष्टीला किती वेळ लागतो हे वेगवेगळं लिहिणारा मुलगा या कामाला कमी पडत नाही.

आता मुद्द्याचं. नवा लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस. पुढे कदाचित घ्यावा लागेलही, पण अंदाजाने घेऊ नकोस. फॉरमॅट तू अंदाजाने मारलंस, कॅश अंदाजाने उडवलीस, मेमरी अंदाजाने वाढवलीस. त्यातल्या दोन उपायांनी दुखणं वाढवलंय, ते खाली सांगते. वेळ नेमका कुठे जातो हे कळेपर्यंत एकही गोष्ट बदलायची नाही, एवढं माझं ऐक.

‘उघडतंय’ हा एक शब्द असला तरी त्यामागे तीन निरनिराळी कामं आहेत. पहिलं, खुद्द स्टुडिओ हा प्रोग्राम डिस्कवरून मेमरीत येणं. दुसरं, तुझा प्रोजेक्ट उघडून त्याच्या फायलींचं इंडेक्सिंग, म्हणजे कशात काय आहे याची सूची तयार होणं. अँड्रॉइड स्टुडिओ जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे या एडिटरवर उभा आहे, आणि इंडेक्सिंग चालू असतानाच्या अवस्थेला तिथले लोक ‘डम्ब मोड’ म्हणतात. तेव्हा एडिटर दिसतो, टाइपही करता येतं, पण कशाची व्याख्या कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. तिसरं काम ग्रेडलचं. ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं आणि त्याला इंटरनेटही लागू शकतं. ही तिन्ही कामं एकापाठोपाठ सुरू होत असल्याने आपल्याला ती एकच वाटतात.

ती सुटी कर. स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स अँड बिहेव्हिअर’, त्यात ‘सिस्टिम सेटिंग्ज’, तिथे ‘रीओपन प्रोजेक्ट्स ऑन स्टार्टअप’वरची खूण काढून टाक. आता स्टुडिओ उघडल्यावर नुसती स्वागताची खिडकी येईल. लॅपटॉप रीस्टार्ट कर, पाच मिनिटं शांत राहू दे, मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून आयकॉनवर क्लिक कर. खिडकी आली की पहिला आकडा वहीत लिही. प्रोजेक्टवर क्लिक करून खालच्या पट्टीवरचं इंडेक्सिंग संपेपर्यंतचा दुसरा. सिंक संपल्याचा तिसरा. मधेच दोन्ही एकदम चालू दिसले तर तसंही लिही.

मग स्टुडिओ बंद कर, लॅपटॉप मात्र बंद करू नकोस, आणि लगेच तेच पुन्हा कर. ही दुसरी फेरी फार बोलकी असते. एकदा वाचलेल्या फायली विंडोज मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. पहिल्यांदा सहा मिनिटं आणि दुसऱ्यांदा दीड मिनिट लागलं तर गुन्हेगार डिस्क. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला तर डिस्क नवी टाकूनही फारसं काही हाती लागणार नाही. क्रोम वगैरे सगळं बंद ठेवूनच ही चाचणी कर, नाहीतर रॅममध्ये जागाच उरत नाही आणि उत्तर चुकीचं येतं.

हे चालू असताना शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेव. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की येतो. ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्क, सीपीयू आणि मेमरी या तिघांकडे बघायचं. सीपीयूच्या आकड्याने मात्र फसू नकोस. तुझ्या प्रोसेसरचे ८ लॉजिकल भाग असतील आणि प्रोग्रामचा एकच धागा (थ्रेड) जिवाच्या आकांताने पळत असेल, तर एकूण सीपीयू दिसेल १२-१३ टक्के. वरवर वाटतं मशीन रिकामं आहे, प्रत्यक्षात एक कोर पूर्ण भरलेला असतो. आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडलंस की प्रत्येक भागाचा वेगळा चौकोन दिसतो.

असा एक कोर भरून वाहण्याचं गाजलेलं उदाहरण एका गेमचं आहे. जीटीए ऑनलाइन सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागायची, आणि वर्षानुवर्षं लोक त्याचं खापर आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर फोडत होते. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने बसून मोजमाप केलं. डिस्क शांत, नेटवर्क शांत, एक कोर मात्र तापलेला. सुमारे १० एमबीची एक जेसन फाइल अशा पद्धतीने वाचली जात होती की प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जायची. ते सुधारल्यावर त्याच्या मशीनवरचा सुमारे ६ मिनिटांचा वेळ २ मिनिटांच्या आत आला, आणि कंपनीने ती दुरुस्ती गेममध्ये घेतली. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तोवर काहीही बदललेलं नव्हतं.

तुझ्या बाबतीत मात्र माझा संशय डिस्कवरच आहे, आणि तो का, हे नीट समजून घे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क सहसा मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. शिवाय ते डोकं योग्य वर्तुळापर्यंत सरकायला साधारण १० मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली छोटी फाइल वाचायला १५ मिलिसेकंद, सेकंदाला ६५ च्या आसपास फायली. मोठा सिनेमा सलग वाचताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी आरामात देते, म्हणून सिनेमा बघताना लॅपटॉप ठीक वाटतो. पण डेव्हलपरच्या कामात सिनेमे नसतात, चिल्लर फायली असतात. जार, क्लास, एक्सएमएल, इंडेक्सचे तुकडे. उघडताना अशी २०,००० वाचनं झाली असं धर, ६५ ने भाग, ३०० सेकंदांच्या वर जातं. म्हणजे पाच मिनिटं! तुझे सहा-सात आठव. तलाठी कार्यालयात एकच माणूस शिडी लावून एकेक बस्ता उतरवत, सोडत, पुन्हा बांधत असावा, तसं आत चाललेलं असतं. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्कला, शिडीच नाही, ती सेकंदाला अशी हजारो वाचनं करते.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सलग १०० टक्के आणि ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकड्यात मिलिसेकंद दिसत असेल, तर संशय पक्का. कोण एवढं वाचतंय तेही बघता येतं. त्याच पानावरून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघड, ‘डिस्क’वर जा. प्रोसेसचं नाव आणि ती वाचत असलेल्या फाइलचा पूर्ण मार्ग डोळ्यांसमोर येतो. मी कुणाच्याही मशीनवर पहिल्यांदा हेच पान उघडते.

आता तुझे उपाय. ‘इनव्हॅलिडेट कॅशेस’ उद्यापासून बंद. स्टुडिओने काल दिवसभर राबून तयार केलेला इंडेक्स तू रोज पुसतोस, आणि त्याच संथ डिस्कवर त्याला तो नव्याने बांधायला लावतोस. इंडेक्स बिघडला, कोडमध्ये नसलेल्या चुका दिसायला लागल्या, तर तेव्हापुरता हा उपाय ठीक आहे. रोजची गोळी म्हणून नाही.

मेमरीचंही तेच. ८ जीबीच्या मशीनवर स्टुडिओला ४ जीबी दिलीस. ग्रेडल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं म्हटलं ना, नव्या अँड्रॉइड प्रोजेक्टच्या ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये त्याला २ जीबीपर्यंत मुभा लिहिलेली असते. कोटलिन भाषेचा डेमन (मागे चालत राहणारी प्रोसेस) वेगळा, आणि काही वेगळं सांगितलं नसेल तर तो ग्रेडलचीच मर्यादा उचलतो. खुद्द विंडोजला दोन-अडीच जीबी. वर क्रोम आणि मीटिंगचं अॅप. बेरीज ८ च्या पार पुढे जाते. मग विंडोज मेमरीतली पानं उचलून पेजफाइलमध्ये टाकतं, आणि पेजफाइल कुठे? त्याच हार्ड डिस्कवर. स्टुडिओची मर्यादा २ जीबीवर आण. खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘मेमरी इंडिकेटर’ चालू कर. तो सतत काठोकाठ भरलेला दिसला तरच थोडी थोडी वाढव. इम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, तर या मशीनवर नकोच. गूगलच्याच यादीत स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि इम्युलेटरसकट १६ जीबी सांगितली आहे. तुझा फोन यूएसबीने जोड, ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मधून डीबगिंग चालू कर आणि त्याच्यावरच अॅप चालव.

फॉरमॅटनंतर आठवडाभर बरं का चाललं, हेही यातूनच कळतं. नव्या विंडोजवर आपोआप सुरू होणारं काही नसतं, एक्स्टेन्शन्स (एडिटरला जोडायची छोटी साधनं) नसतात, प्रोजेक्ट एकच असतो. आठवड्यात सगळा संसार परत मांडला जातो. तिसऱ्यांदा मारलंस तरी तसंच होईल.

सकाळचं ग्रेडल सिंक मात्र मला निराळं प्रकरण वाटतं. दुपारी तेच सिंक पटकन होतं का? तू लिहिलं नाहीस, पण होत असणार. ग्रेडलचा डेमन ३ तास रिकामा बसला की स्वतःहून बंद होतो, म्हणून सकाळी तो थंडीतून उठतो. दुसरं कारण अधिक लपलेलं आहे. बिल्ड फाइलमध्ये एखाद्या लायब्ररीच्या आवृत्तीपुढे अधिकचं चिन्ह असेल, म्हणजे ‘२ डॉट अधिक’ असं काहीतरी, किंवा शेवटी ‘स्नॅपशॉट’ (अजून बदलत असलेली आवृत्ती) असेल, तर ग्रेडल ते उत्तर मूळच्या ठरावाप्रमाणे २४ तासच लक्षात ठेवतं. दिवस उलटला की नवी आवृत्ती आली का, हे विचारायला पुन्हा नेटवर जातं, आणि प्रत्येक रिपॉझिटरीला (लायब्ररींच्या कोठाराला) वेगळं विचारतं. तुझ्याकडे मोबाइलचा हॉटस्पॉट असेल आणि सकाळी रेंज एकच कांडी, तर पाच मिनिटं तिथेच गेली. ती चिन्हं काढून पक्के आकडे लिही. लीडला विचारून कर, बदल सगळ्या टीमसाठी होतो, आणि तो टीमच्याही भल्याचा आहे, कारण कुणाच्या मशीनवर कोणती आवृत्ती आली हा घोळ संपतो. तोवर स्टुडिओच्या उजवीकडच्या ग्रेडल खिडकीतलं ऑफलाइन मोडचं बटण दाबून एकदा सिंक करून बघ. वेळ एकदम खाली आला तर नेटचंच दुखणं आहे हे सिद्ध झालं.

व्हीएस कोडचं लवकर आटोपते. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘डेव्हलपर: शो रनिंग एक्स्टेन्शन्स’ शोध. (आज्ञा मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना इंग्रजीत कर.) प्रत्येक एक्स्टेन्शनला जागं व्हायला किती मिलिसेकंद लागले ते समोर येतं. कोण छळतंय ते त्यातूनही कळलं नाही, तर ‘हेल्प: स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालव. ते निम्मी बंद करून तुला विचारतं, आता बरं आहे का? मग उरलेल्यांतली निम्मी. ४० एक्स्टेन्शन्स असली तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. पण एक्स्टेन्शन्स सगळी बंद करूनही सव्वा मिनिट लागत असेल, तर तिथेही डिस्कच आहे, उगाच एक्स्टेन्शन्सच्या मागे लागू नकोस.

दोन गोष्टी मात्र आवर्जून तपास. तुझा प्रोजेक्ट ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डेस्कटॉप’वर आहे का, आणि ते फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं आहे का? विंडोज हे बऱ्याचदा आपल्या नकळत जोडून टाकतं. मग बिल्डमध्ये तयार होणारी प्रत्येक फाइल वनड्राइव्ह वर चढवायला धावतं, आणि जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट असेल तर नोड मॉड्यूल्समधल्या हजारो फायलींच्या मागे लागतं. रिसोर्स मॉनिटरमध्ये त्याचं नाव ठळक दिसेल. सी ड्राइव्हवर थेट ‘वर्क’ नावाचं फोल्डर कर आणि प्रोजेक्ट तिथे हलव.

दुसरी गोष्ट विंडोज डिफेंडर या अँटीव्हायरसची. टास्क मॅनेजरमध्ये तो ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावाने दिसतो आणि उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो. प्रोजेक्टचं फोल्डर, ग्रेडलची कॅश आणि अँड्रॉइड एसडीके यांना त्याच्या तपासणीतून वगळता येतं, स्टुडिओ स्वतःच कधी कधी तशी सूचना देतो. एवढं कर. पण डिफेंडर सरसकट बंद करू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. आपण रोज अनोळखी लोकांनी लिहिलेली पॅकेजेस उतरवून घेतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातलं ‘यूए-पार्सर-जेएस’ हे कितीतरी प्रोजेक्टांत वापरलं जाणारं पॅकेज कुणीतरी ताब्यात घेऊन त्यात पासवर्ड चोरणारा कोड घातला होता. ‘डाउनलोड्स’ फोल्डर तर वगळायचंच नाही.

आता गिट बॅश. तुझ्या पत्रातला हा सगळ्यात छोटा आकडा, आणि मला तोच राहून राहून खटकतोय.

२०११ मध्ये मी एका ऑफिसात होते. सगळे एक्लिप्स या एडिटरवर काम करायचे आणि माझ्या शेजारच्या मुलीचं एक्लिप्स सकाळी उघडताना मध्येच मेल्यासारखं थांबायचं. तिने तीन दिवसांत दोनदा इन्स्टॉल केलं, नवं वर्कस्पेस केलं. लॅपटॉप बदलून मिळावा म्हणून अर्जही लिहिला. चौथ्या दिवशी मी तिच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. त्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला डिस्कचा छोटा हिरवा दिवा होता, डिस्क चालू असली की लुकलुकणारा. एक्लिप्स थांबलं तेव्हा दिवा विझलेला. पंखाही शांत. म्हणजे मशीन काहीच करत नव्हतं, कुणाची तरी वाट बघत होतं. आम्ही वेळ मोजला, २१ सेकंद. पुन्हा उघडलं, २१. तिसऱ्यांदा, २१. त्या काळचं विंडोज समोरचा कॉम्प्युटर उत्तर देत नसेल तर आधी ३ सेकंद थांबायचं, पुन्हा विचारून ६, मग पुन्हा विचारून १२, आणि मग नाद सोडायचं. ३, ६ आणि १२ मिळून २१. तिच्या पाथमध्ये (प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत) एका सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरचं नाव होतं, आणि तो सर्व्हर महिन्याभरापूर्वी उचलून नेला होता. पाथमधली तेवढी नोंद काढली. अर्ज तिने फाडून टाकला.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. काम केल्यामुळे लागणारा वेळ रोज थोडा कमीजास्त होतो. वाट बघण्यात जाणारा वेळ मात्र दर वेळी अगदी तेवढाच असतो, आणि तेव्हा डिस्क, सीपीयू दोन्ही थंड असतात. तुझे १५ सेकंद कधी १२, कधी १९ होतात, की दर वेळी बरोबर १५? डिस्क त्या वेळी पळते की शांत असते? कंपनीच्या व्हीपीएनवरून एखादा झेड किंवा एच ड्राइव्ह जोडलेला आहे का? गिट बॅशमध्ये ‘इको डॉलर होम’ आणि ‘इको डॉलर पाथ’ देऊन बघ. आता अस्तित्वात नसलेल्या ड्राइव्हचं किंवा सर्व्हरचं नाव त्यात दिसलं, तर व्हीपीएन जोडून आणि न जोडता अशी दोन्ही वेळा घड्याळ लाव.

तसं काही नसलं तर होम फोल्डरमधल्या डॉट-बॅशआरसी आणि डॉट-बॅश-प्रोफाइल या, बॅश उघडताना आपोआप चालणाऱ्या फायलींची नावं तात्पुरती बदल आणि पुन्हा उघड. विंडोजवर बॅशला प्रत्येक छोटी आज्ञा चालवायला नवी प्रोसेस उभी करावी लागते, आणि तिथे ते लिनक्सपेक्षा बरंच महाग पडतं. नोडच्या किंवा पायथनच्या आवृत्त्या बदलणारी साधनं इन्स्टॉल होताना त्या फायलींत आपापल्या ओळी घालून जातात. नावं बदलल्यावर १५ चे २ सेकंद झाले, तर एकेक ओळ परत घालत कोणती खाते ते काढ.

आता डिस्कचं. पहिल्या चाचणीत तीच दोषी ठरली, आणि मला वाटतं ठरेल, तर लॅपटॉप बदलण्याऐवजी एसएसडी टाक. सध्या भाव वरखाली होतायत, म्हणून आकडा सांगत नाही. कराडात दोन आणि जमलं तर साताऱ्यात एक अशा तीन दुकानांत विचार. नव्या लॅपटॉपच्या किमतीचा तो छोटा हिस्सा असतो. चार-पाच वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपांत हार्ड डिस्कशिवाय एम डॉट टू चा एक रिकामा स्लॉट असतो. तो साटाचा आहे की एनव्हीएमईचा (एसएसडी जोडायच्या या दोन निराळ्या पद्धती) हे मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर बघ, मगच माल घे. रॅमचाही स्लॉट मोकळा आहे का ते त्याच वेळी उघडून बघायला सांग. १६ जीबी झाली तर हा लॅपटॉप आणखी दोन-तीन वर्षं तुझी साथ देईल. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी एसएसडी.

पण खर्चाआधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून या मशीनवर विंडोज ११ चालतं का ते बघ. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालत असेल तर बिनधास्त खर्च कर. चालत नसेल तर मात्र लीडच्या बोलण्यात तथ्य आहे असं मी म्हणेन, जुन्या मशीनमध्ये पैसे घालताना दोनदा विचार कर.

दुकानात जाण्याआधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने डिस्कची तब्येत बघ. निळ्याऐवजी पिवळं ‘कॉशन’ आलं, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी बॅकअप घे. मरायला टेकलेली डिस्कही अशीच संथ होते. कोड गिटवर असतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गिटवर नसलेल्या गोष्टीच जास्त महागात पडतात. अॅपवर सही करायची कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड, एसएसएच की, लोकल प्रॉपर्टीज आणि एनव्ही फायली, कुणाला न दाखवलेल्या अर्धवट ब्रँचेस. हे सगळं पेनड्राइव्हवर घे, तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री कर, मगच स्क्रू काढू दे.

एसएसडी येईपर्यंत रात्री लॅपटॉप शटडाउन करू नकोस, स्टुडिओ उघडा ठेवूनच स्लीपमध्ये टाक. चार्जर लावलेला असू दे. सकाळची ती १२ मिनिटं बरीचशी वाचतील.

आणि एक बोलायचं राहिलं. काम कंपनीचं, मशीन तुझं, आणि मशीन चालत नाही तर खर्चही तूच करायचा, हे मला पटत नाही. छोट्या कंपनीत लोक संकोचाने विचारत नाहीत. वहीतले आकडे घेऊन लीडना चार ओळींची मेल कर. रोज सकाळी इतकी मिनिटं स्टुडिओला जातात, इतकी इंडेक्सिंगला, इतकी सिंकला. त्यातली अमुक मिनिटं बिल्ड फाइल बदलून वाचतील, तो बदल मी तयार केला आहे. उरलेल्यांसाठी एसएसडी लागेल, कंपनी तिचा खर्च करू शकेल का? महिन्याला २२ दिवस धरले तर रोजची १२ मिनिटं म्हणजे साडेचार तासांच्या जवळ जातात, तेही लिही. ‘लॅपटॉप स्लो आहे’ याला नवा घे हे उत्तर सोपं होतं. या मेलला उत्तर देताना त्यांना विचार करावा लागेल. नाही म्हणाले तरी हरकत नाही, एसएसडी तुझीच राहील.

ट्रॅक्टरचे हप्ते चालू असताना वडिलांकडे जायची वेळ यातून बहुतेक येणार नाही. रविवारी दुपारी तासभर काढ, वहीत दोन्ही फेऱ्यांचे आकडे मांड आणि मला पाठव. गिट बॅशचे मात्र पाच वेळा उघडून पाचही आकडे वेगवेगळे लिही, दशांशासकट. ते सगळे सारखे निघाले तर एसएसडीच्या दुकानात जाण्याआधी आपण त्या हरवलेल्या ड्राइव्हचा शोध घेऊ.

तुझी ताई